शेवगा दिसला तर सायकल

२९ डिसेंबर

आज सायकलनं लॅबमध्ये गेले आणि जिवंत परत आले. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते, कारण घरातल्या दोन माणसांनी, एकानं इथे अधारतालच्या घरात आणि एकीनं बेंगळुरूत बसून, मी पोहोचणारच नाही असं ठरवून टाकलं होतं.

सायकल लेकीची, अवंतिकाची, तिच्या बारावीतली. ती नोकरीला बेंगळुरूला गेली तेव्हापासून जिन्याखाली पडून होती. दुकानवाल्यानं टायर बदलले, तेल-पाणी केलं आणि मला नीट न्याहाळून विचारलं, "बिटिया के लिए है?" मी म्हटलं, "नहीं भैया, बिटिया की अम्मा के लिए." बिचारा मग घंटी फुकट लावून द्यायला तयार झाला.

आमची लॅब विजय नगरला. भल्या पहाटे उघडते, कारण लोक उपाशीपोटी रक्त द्यायला येतात, आणि उपाशी माणूस फार भांडतो. लग्न झाल्यापासून रोज सकाळी हेच मला स्कूटरवर सोडत आले. ऑक्टोबरात ह्यांना दोन स्टेंट पडले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मैडम, सुबह की ठंड में स्कूटर बिलकुल नहीं. सीने पर हवा नहीं लगनी चाहिए." मी घरी येऊन साधं विचारलं की आता ऑटो लावू का. तर हे म्हणाले, "ऑटो काहून? मी मेलो काय?" आणि दोन दिवस तोंड फुगवून बसले.

म्हणून मग मी डोकं चालवलं. म्हटलं, माझे गुडघे आखडून राहिले, मला सायकल चालवायची आहे, शौक आहे माझा. शौकाला कोणी नाही म्हणू शकत नाही. म्हणजे हे रजईत राहतील आणि कोणी त्यांना पेशंटही म्हणणार नाही.

अडचण एकच आहे. ज्या सकाळी मी सायकल काढणार नाही, त्या सकाळी हे स्कूटर काढतील. त्यामुळे हवा कशीही असो, मला जाणं आलंच.

३१ डिसेंबर

कोहरा, दाट धुकं. ह्यांनी काल रात्री जेवताना कायदा केला होता. आमच्या गॅलरीतून समोर बेबीताईंच्या अंगणातला शेवगा दिसतो. तो दिसला तर सायकल, नाही दिसला तर "मी सोडतो". मी हो म्हटलं, नाही म्हणायला कारण सापडेना.

सकाळी दोघं गॅलरीत उभे. शेवगा सोडा, गॅलरीतली आपलीच तुळस धूसर दिसत होती.

"कुठे आहे शेवगा?" हे म्हणाले.

"तो काय समोर."

"मला तर नाही दिसत."

"मोतीबिंदू दाखवा एकदा," म्हटलं आणि चपला घालून निघाले. धडधडीत खोटं बोलले. पण वर्षाचा शेवटचा दिवस होता, जुन्या वर्षात जमा होऊन जाईल.

रस्त्यात खरं सांगायचं तर घाबरले. शहपुऱ्याकडून मटाराच्या गाड्या मंडीत येऊन राहिल्या आहेत. मटाराचं पोतं दोरीतून कुठे बाहेर आलंय ते कळत नाही आणि गाडी एकदम अंगावर येते. घंटी वाजवत वाजवत गेले. एका ट्रॅक्टरवाल्यानं ओरडून विचारलं, "अम्मा, मंदिर जा रही हो क्या?"

२ जानेवारी

मंडीतून पिशवीभर मटार आणला. सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला, स्वतःच्या जोरावर, ह्याचा मला फार आनंद झाला. रात्री टीव्हीसमोर पेपर पसरून सोलत बसलो. हे सोलतात कमी आणि खातात जास्त, पण मटार डॉक्टरांनी बंद केलेला नाही, म्हणून गप्प बसले.

आनंदाची बातमी म्हणजे हे बेबीताईंच्या प्राणायाम वर्गाला जाणार म्हणतात. शिवमंदिराच्या हॉलमध्ये, सकाळीच, मी निघाले की. मी विचारलं, हॉल बंद असतो ना? खिडक्या? म्हणाले, एकदम बंद, वारा नाही. मग काय, देव पावला. माझा लोकरीचा मफलर ह्यांना दिला आणि स्वतः अवंतिकाचा जुना घेतला.

५ जानेवारी

दुपारी घरी आले, तर वर्गावरून आलेल्या ह्यांचं नाक अजून लाल, बोटं गार. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, अनुलोम-विलोम नवं आहे ना, नाकावर ताण येतो. मी लॅबमध्ये एवढी वर्षं काम करते, पण हे मला माहीत नव्हतं.

आज रस्त्यात एक विचित्र गोष्ट झाली. दमोह नाक्यापर्यंत माझ्यामागे एक पिवळा दिवा होता. मी हळू, तर तो हळू. मी थांबून पदर खोचला, तर तोही थांबला. पुढे निघून जा म्हणून हात केला, तर गेला नाही. गाडी स्कूटरच वाटली, पण लाइट पिवळा. कोहऱ्यात बाकी काही दिसत नाही. भीती नाही वाटली, राग आला. एवढा मोठा रस्ता पडलाय आणि ह्याला माझ्याच मागे चालायचं आहे!

७ जानेवारी

हळदीकुंकवाचं सामान काढलं. तिळगुळाच्या पुड्या बांधायला पिवळा जिलेटिन कागद आणून ठेवला होता. त्यातला एक चौकोन कोणीतरी कापून नेला आहे. कामवालीला विचारलं, तर ती रुसली. ह्यांना विचारलं, तर पेपर तोंडासमोर धरून म्हणाले, "उंदीर असतील." कात्रीनं सरळ कापणारा उंदीर! पण ह्यांच्याशी वाद घालायचा नाही, बीपी.

पिवळा दिवा आजही होता.

संध्याकाळी अवंतिकाचा फोन. तिला सांगितलं त्या दिव्याचं, तर हसतच सुटली. "आई, तो चोर नाही. टेन्शन मत ले."

"तुला काय माहीत बेंगळुरूत बसून?"

"अरे यार आई, चोर पिवळा लाइट लावून येतो क्या?" मग म्हणे, तू बाबांना काढा देत जा सकाळी, दोन-चार घोट एक्स्ट्रा. मुलगी लांब गेली की बापाची फार काळजी करते. माझी काळजी कोणी करायची ते बघायला हवं.

९ जानेवारी

मावठ. रात्रीपासून रिपरिप, वारा, आणि मध्ये चिमूटभर गारा. शेवगा दिसत होता, पण पावसात. ह्यांनी लगेच मुद्दा काढला की कायद्यात पावसाचं काय ठरलं? मी म्हटलं, कायद्यात फक्त शेवगा आहे. रेनकोट चढवला आणि गेले.

पण इथे खरं लिहिते. आज मला जायचं नव्हतं. पहिल्याच वळणावर पाणी बुटात गेलं, चष्म्यावर गारा, आणि एकदम रडू आलं. वाटलं, काय वेड आहे हे बाई! सरळ सांगून टाकावं ह्यांना की तुमच्या छातीसाठी करून राहिले. मग ह्यांचा ऑक्टोबरातला चेहरा आठवला. नर्सनं बेडपॅन आणलं तेव्हाचा. त्यानंतर कित्येक दिवस हे कोणाशी बोलले नव्हते. नाही सांगितलं तेच बरं. मारले पॅडल.

लॅबमध्ये पोहोचले, तर पावसामुळे एकच म्हातारे आलेले. "आप आ गईं तो हम भी आ गए," म्हणाले. त्यांची शीर पहिल्या झटक्यात सापडली.

दुपारी जेवताना हे म्हणाले, "त्या पेट्रोल पंपापुढचा खड्डा आहे ना, तिकडून नको जाऊ. पाण्यानं भरला की कळत नाही." मी त्याच खड्ड्यात गेले होते! मी ह्यांना सांगितलं असेल बहुतेक. आजकाल काय बोलले ते मलाच आठवत नाही.

१२ जानेवारी

वाण आणलं. दरवर्षी सगळ्या प्लास्टिकचे डबे देतात. माझ्याकडे एवढे डबे झालेत की डब्यात ठेवायला डबे आहेत. मी ह्या वेळी सायकलचे मागचे लाल दिवे आणले, बटण दाबलं की लुकलुकणारे. सायकलवाल्यानं विचारलं, "दुकान खोल रही हो क्या?" त्याला हळदीकुंकू समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अच्छा, मतलब शादी जैसा कुछ." चलो, तसंच समज.

एक माझ्या सायकलला लावला. हे संध्याकाळी म्हणाले, "छान दिसतो तो लाल दिवा. लांबून सुद्धा."

"लांबून कुठून पाहिला?"

"गॅलरीतून," म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.

एक कबूल करायला हवं. मला सायकल आवडायला लागली आहे. दमोह नाक्याच्या पुढे थोडा उतार आहे, तिथे मी पाय मारत नाही, नुसती बसते. एवढी वर्षं स्कूटरवर मागे बसून ह्यांची पाठच पाहिली. समोरून रस्ता कसा दिसतो ते आता कळलं.

१८ जानेवारी

आज रविवार म्हणून हळदीकुंकू ठेवलं. मटाराच्या करंज्या उडाल्या. वाण पाहून मात्र सगळ्या गोंधळल्या. विनता म्हणाली, "हा लावायचा कुठे? मला सायकल नाही, मुलाला बुलेट आहे." मी म्हटलं, स्वतःच्या पाठीला लाव, मॉर्निंग वॉकला जातेस ना! मग सगळ्यांनी एकेक चालू करून पाहिला. हॉलभर बायका लुकलुकत होत्या. फार हसलो.

आणि जाता जाता बेबीताईंनी बॉम्ब टाकला. मी त्यांना म्हटलं, तुमच्या प्राणायामानं ह्यांना बरं वाटून राहिलं. तर त्या थबकल्या. "कोणता प्राणायाम, यामिनी? हॉलला तर रंग देऊन राहिले. वर्ग नव्या वर्षात सुरूच नाही झाला. यशोधनभाऊ तर मला दिसलेसुद्धा नाहीत."

त्यांना कुंकू लावायचंच विसरले.

रोज सकाळी हे जातात कुठे? बसले विचार करत, आणि सगळं लख्ख समजलं. झाकून ठेवलेला नाश्ता तसाच राहतो. मफलरला धुराचा वास येतो. भट्टीजवळ उभं राहिल्याशिवाय धुराचा वास कसा येईल? चौकातली खव्याची जलेबी! दोन स्टेंट, आणि हा माणूस तुपात तळलेली जलेबी खातो. मी इकडे गारा खाते, आणि हे तिकडे जलेबी!

ह्यांना काही बोलले नाही. रंगेहाथ पकडणार आहे.

२० जानेवारी

आजचं सगळं नीट आठवून लिहिते.

सकाळी कोहरा असा की स्वतःचे हात दिसेनात. शेवग्याचं नावही कोणी काढलं नाही. लॅबमध्ये काल सांगून ठेवलं होतं की थोडा उशीर होईल. बेत असा होता की नेहमीसारखं निघायचं, दमोह नाक्याजवळून एकदम वळायचं आणि जलेबीवाल्यासमोर उभं राहायचं.

पिवळा दिवा मागे होताच. म्हटलं बरंच झालं, वळल्यावर आधी ह्याचा समाचार घेते, मग जलेबीचा.

नाक्याच्या अलीकडे सायकल वळवली आणि उतरून उभी राहिले, थोडा दम खायला. तेवढ्यात तो पिवळा दिवा वेडावाकडा हलला, जोरात पुढे आला आणि थांबला. कोणीतरी गाडी टाकून पळत आलं आणि नालीत वाकून ओरडायला लागलं.

"यामिनी! यामिनी!"

ह्यांचा आवाज. हे मला नावानं कधी हाक मारत नाहीत, घरात सुद्धा "अगं" वर भागतं. आणि इथे भर रस्त्यात, मटाराच्या गाड्यांसमोर, सगळ्या दमोह नाक्याला माझं नाव कळेल एवढ्यानं.

"मी इथं आहे," म्हटलं.

हे वळले. माकडटोपी, त्यावर माझा मफलर, रेनकोटाच्या आत माझी गुलाबी शाल छातीला गुंडाळलेली. स्कूटरच्या हेडलाइटवर माझाच पिवळा जिलेटिन कागद रबरानं बसवलेला. उंदीर!

"लाल दिवा दिसेना एकदम," हे धापा टाकत म्हणाले. "मला वाटलं, तू पडली."

"मग तुम्ही जलेबी नाही खात?"

"कोणती जलेबी?"

ह्यांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मनगट धरलं. आयुष्यभर लोकांचे हात धरत आले रक्त काढायला, पण आज नाडी मोजायला गेले तर आकडेच विसरून जात होते. "दुखतंय का? खरं सांगा, दुखतंय का?" तीनदा विचारलं असेल.

"पकडलो गेलो त्याचं दुखून राहिलं," म्हणाले. तेव्हा मला रडूही आलं आणि एक फटका द्यावासाही वाटला.

चहाच्या टपरीवरून एक ऑटोवाला धावत आला. भैयालाल. ह्यांना नावानिशी ओळखत होता. "दीदी, क्या हुआ? भैया तो रोज आपके पीछे चलते हैं, लौटते में हमारी सिगड़ी पर हाथ सेंकते हैं. हम तो समझे, आपको पता है." धुराचा वास तिथला होता. सगळ्या नाक्याला माहीत होतं, फक्त मला सोडून.

स्कूटर टपरीवर ठेवली. सायकल ऑटोच्या मागे बांधली आणि भैयालालनं आम्हाला घरी आणलं. बीपी घेतलं, ठीक होतं. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं, ईसीजी ठीक आहे. डॉक्टर ह्यांना रागवले आणि मग, मला का रागवले ते समजलं नाही, पण मलाही रागवले.

२१ जानेवारी

दोघं घरी. लॅबमध्ये सुट्टी सांगितली. मटार सोलायला घेतला, कारण हातात काम असलं की बोलायला बरं पडतं.

मी म्हटलं, "डॉक्टरांनी ऑक्टोबरातच सांगितलं होतं, थंडीत स्कूटर नाही. म्हणून मी सायकल काढली."

"म्हणजे गुडघे?"

"गुडघे ठणठणीत आहेत."

हे खूप हसले. मग हातातली शेंग खाली ठेवली.

"तू मला घरी ठेवायला कोहऱ्यात गेली," म्हणाले, "आणि मी तुला बघायला कोहऱ्यात आलो. अवंतिका म्हणाली होती, बाबा, सांगून टाका आईला. पण सांगितलं असतं तर तू बंद केलं असतं माझं येणं. आणि मग मी सकाळी उठून करू काय? खिडकीतून पाहत बसू? तू निघाली की घर खायला उठते. मागून चालताना तो लाल दिवा दिसत राहायचा, तर बरं वाटायचं. वाटायचं, अजून आपण सोडूनच राहिलो हिला."

मी आपली मटार सोलत राहिले आणि दाणे सालीत, साली भांड्यात टाकल्या. मग म्हटलं, "मला तुमची भीती वाटते हो. रात्री तुमचा श्वास ऐकत जागी असते मी." हे मी ऑक्टोबरापासून कोणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांनी हात पुसला आणि माझ्या हातावर ठेवला.

नवा कायदा झाला. शेवगा दिसला तर सायकल, एकटीनं, आणि मागे कोणी येणार नाही. नाही दिसला तर भैयालालचा ऑटो. सकाळी स्कूटर कोणीही काढायची नाही. पण ऑटोच्या दिवशी दुपारी, ऊन पडल्यावर, हे मला स्कूटरवर घ्यायला येतील, आणि येताना मंडीतून जायचं. ह्यावर डॉक्टरांना फोन करून परवानगी घेतली. हे फोनवर इतक्या नम्रपणे बोलले की डॉक्टरांना संशय आला असेल.

रात्री ह्यांना एक लाल दिवा दिला. म्हटलं, वाण उरलं आहे, घ्या. ह्यांनी तो स्कूटरच्या मागे लावला.

२३ जानेवारी

शेवगा दिसला, सायकलनं गेले. मागे पुन्हा पुन्हा वळून पाहिलं. पिवळा दिवा नव्हता. खोटं काहून लिहू, चुकल्या चुकल्यासारखं वाटलं.

लॅबमध्ये पोहोचून फोन केला. पहिल्या रिंगला उचलला ह्यांनी. हातातच धरून बसले असणार.

२८ जानेवारी

आज हवा एकदम स्वच्छ. थंडी कमी झाली आहे. दोघं गॅलरीत उभे. शेवगा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिसत होता, वरची पांढरी फुलं सुद्धा, आणि त्यामागे बेबीताईंनी वाळत घातलेल्या साडीचा काठ. मला तो नाक्यापुढचा उतार आठवला. सायकलची किल्ली माझ्या मुठीत होती.

ऑटोच्या दिवशी भैयालाल थोडा उशिरा येतो, गाडी लवकर पोहोचते ना. तेवढा वेळ आम्ही बसून चहा पितो. सायकलच्या दिवशी मी उभ्यानंच पिऊन पळते.

ह्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत लावला. बाहेर पाहिलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मला तर काही दिसून नाही राहिलं बा."

धडधडीत खोटं. शेवग्याच्या फांदीवर कावळा बसला होता, तो सुद्धा आमच्याकडे पाहत होता.

मी किल्ली खुंटीला अडकवली.

"मलाही नाही दिसत," म्हटलं. "केवढा कोहरा! लावा भैयालालला फोन." आणि आत जाऊन दोघांचं आधण ठेवलं.